चार वीत जादा केबल

धक्क्यावर कोणालाही विचारा, बोट पुढे जाते पण मागे येत नाही, दाखवू कुणाला? सगळे एकाच पत्र्याच्या शेडकडे मान वळवतील. आणि मान वळवता वळवता हेही सांगतील की बाबा रे, जायचं तर जा, पण कानात बोळे घालून जा. त्या शेडात खडूमिस्त्री बसायचा. गिअरच्या कामात त्याचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता, आणि माणसाचा पाणउतारा करण्यातही नव्हता. मोटार जळली, पंखा तुटला, तेल गळलं, तर चार ठिकाणं होती. पण गिअर पडत नाही, पडला तर निघत नाही, न्यूट्रलला ठेवली तरी बोट आपली सरकतेच आहे, असलं दुखणं असलं की निमूटपणे त्याच्याच दारात यावं लागे.

त्याची पद्धत ठरलेली होती. बोट धक्क्याला बांधायची, माणसं उतरवायची. आधी चालकाच्या जागेवरचा दांडा हलवून बघायचा: पुढे, मध्ये, मागे. मग मागच्या बाजूला जाऊन गिअरबॉक्सपाशी केबलचं टोक सोडायचं आणि ते टोक ज्याला अडकवलेलं असतं तो गिअरबॉक्सचा छोटा कान नुसत्या चिमटीत धरून हलवायचा. कान अडला, तर दुखणं पेटीच्या आत. कान हलला पण दांडा जड लागला, तर दुखणं केबलमध्ये. कानही हलतो, दांडाही हलतो, मग राहिलं काय? राहिला चालवणारा. झालं, तिथे मिस्त्रीच्या तोंडावर हसू यायचं.

निकाल तो तोंडाने सांगत नसे. वरच्या खिशातून खडू काढायचा आणि बोटीच्या धक्क्याकडच्या अंगावर, सगळ्या दुनियेला दिसेल असा, एकच शब्द लिहायचा. ‘यंत्र’ नाहीतर ‘हात’. ‘यंत्र’ लिहिलं की तो कामाला लागायचा. ‘हात’ लिहिलं की चालकाने बोट घेऊन निघून जायचं आणि ते अक्षर पाण्याच्या शिंतोड्यांनी आपोआप जाईल तेव्हा जाईल. पुसायचं नाही. पुसलं, तर पुढच्या खेपेला मिस्त्री त्या बोटीकडे ढुंकून बघणार नाही. एका म्हाताऱ्या वाळूवाल्याने हुज्जत घातली, ‘अहो मिस्त्री, चाळीस वर्षं चालवतोय,’ म्हणाला. मिस्त्रीने लिहिलेलं बोळ्याने पुसून वीतभर उंचीच्या अक्षरात पुन्हा लिहिलं आणि वर म्हणाला, ‘चाळीस वर्षं चुकीचं चालवलंत, आता लाज वाटून घ्या.’ तो म्हातारा आठ दिवस आपली बोट उलट्या बाजूने बांधत होता. लोक हसायचे. लोकांचं काय हो, दुसऱ्याच्या बोटीवर लिहिलेलं असलं की सगळ्यांना वाचायला येतं.

त्याची बायको दोन वर्षं राहिली आणि माहेरी गेली ती गेलीच. तिच्या स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंत सगळ्यावर तो निकालच द्यायचा. ‘मी चुकत नाही’ हे त्याचं पालुपद होतं, आणि दुर्दैव असं की कामात तो खरोखरच चुकत नसे. चुकणाऱ्या माणसाला निदान कधीतरी ‘माफ करा’ म्हणायची सवय असते. याला तीही नव्हती.

तर असा हा बोटींचा मिस्त्री, आणि याचं एक गुपित होतं. चालत्या बोटीत तो कधी बसत नसे. बांधलेल्या बोटीत दिवसभर लोळेल, पण दोर सुटला की याचा पाय धक्क्यावर. कुणी ‘चला मिस्त्री, एक चक्कर मारून बघू’ म्हटलं, की ‘मला काय उद्योग नाहीत?’ म्हणून खेकसायचा. लोकांना तो तोरा वाटे. खरी गोष्ट एकट्या दादाला ठाऊक होती. दादा म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ. मिस्त्री सात वर्षांचा असताना धक्का आणि बोट यांच्या फटीत पडला होता आणि बोटीच्या तळाखाली गेला होता. अकरा वर्षांच्या दादाने उडी टाकून त्याच्या केसांना धरून त्याला वर ओढलं. तेव्हापासून पाय अधांतरी झाले की मिस्त्रीला दरदरून घाम फुटायचा. दादाने ही गोष्ट आईबापाला सांगितली नाही, मित्रांना सांगितली नाही, स्वतःच्या बायकोलाही सांगितली नाही. भावाची लाज ती आपली लाज, असा साधा हिशेब.

दादा उतारूंची बोट चालवायचा. या काठावरून त्या काठावर, छत्तीस माणसं, अठ्ठावीस वर्षं. बोट मालकीणबाईंची. त्या तिकिटाच्या खिडकीत बसून सगळ्यांवर नजर ठेवायच्या. दादाची बोट धक्क्याला लागायची तेव्हा कुणाच्या पेल्यातलं पाणी हलत नसे. तो दांड्याला कधी हिसका देत नसे. दोन बोटं टेकवायची, न्यूट्रलपाशी एक श्वास थांबायचं, आणि मग मागे. दुसरं काही त्याला येत नव्हतं आणि दुसरं काही यावं असं कधी वाटलंही नाही. मिस्त्री दुपारी जेवायला त्याच्याच घरी जायचा. वहिनी वाढायची, आणि मिस्त्री भाजीला नावं ठेवत तीनदा घ्यायचा.

त्या हंगामाच्या अखेरीअखेरीस दादाच्या बोटीची गिअरची केबल बदलायला झाली. आतली तार झिजली होती. मिस्त्रीने दुकानात माणूस पाठवला, तर नेमक्या मापाची केबल नव्हती, एक लांब होती. चार वीत जादा. बोट दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची होती. मिस्त्रीने ती लांबच घेतली, टाकली, आणि जास्तीची जी उरली तिचं गोल वेटोळं करून डाव्या बाकाखाली तारेने बांधून ठेवलं. असल्या केबलला इतका घट्ट वळसा द्यायचा नसतो. हे त्याला माहीत नव्हतं? अहो, दुसऱ्या कुणी असं केलेलं दिसलं असतं तर त्याने त्या माणसाची चारचौघांत सालटी काढली असती. पण स्वतः केलं ना, मग चालतं. दादाला तो एवढंच म्हणाला, ‘नवी टाकलीय, आता दोन वर्षं बघायला नको.’

दहा-बारा दिवसांनी दादा शेडात आला.

‘अरे, रिव्हर्स कधी कधी पडत नाही.’

‘कधी कधी म्हणजे? गिअर काय पाहुणा आहे, कधी कधी यायला?’

‘बोट भरलेली असली की. दांडा मागे येतो, पण पलीकडे काही लागत नाही. दोन-तीनदा मारला की पडतो. नवी केबल टाकल्यापासून होतंय बघ.’

ते शेवटचं वाक्य दादाने बोलायला नको होतं. मिस्त्रीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बोट बांधली, माणसं उतरवली, दांडा दहा वेळा पुढे-मागे केला. दहाही वेळा लोण्यासारखा पडला. ‘काही नाही झालेलं,’ म्हणाला. दादा गेला. दुसऱ्या दिवशी परत आला. परत रिकामी बोट, परत दहा वेळा, परत काही नाही. मागे जाऊन कान हलवला, तोही मोकळा. बाकाखाली वाकून बघावं, हे त्याच्या मनात आलंच नाही. तिथलं काम त्याचं स्वतःचं होतं, मग तिथे काय बघायचं?

तिसऱ्या दिवशी दादा जरा काकुळतीला आला होता. शेडपाशी चार-पाच माणसं उभी होती, तिकीट फाडणाराही होता. दादा म्हणाला, ‘रिकाम्या बोटीत कळणार नाही तुला. एकदा भरल्या बोटीत चल माझ्याबरोबर. दुपारची फेरी. एकच.’

तिकीट फाडणारा लगेच म्हणाला, ‘जा की मिस्त्री! आम्हालाही बघू दे तुम्ही पाण्यावर कसे दिसता ते.’

माणसं हसली. मिस्त्रीच्या कपाळावर घाम आला. दादाला तेव्हा कळलं आपण काय बोलून बसलो. तो घाईघाईने म्हणाला, ‘नको नको, राहू दे. त्याला कामं पडलीत. मी बघतो काय ते.’ आणि मिस्त्रीकडे त्याने असं बघितलं, की घाबरू नकोस, मी आहे. झालं! ती दयेची नजर मिस्त्रीला त्या हसण्यापेक्षा जास्त लागली. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला कुणी सात वर्षांचा समजून जपतंय, आणि तेही चारचौघांत. त्याने खिशातून खडू काढला, ताडताड चालत बोटीपाशी गेला आणि लिहिलं. ‘हात.’

दादा ते वाचत उभा राहिला. मग त्याने आपला उजवा तळहात उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

‘बरं,’ म्हणाला.

दुपारी जेवताना मिस्त्रीने वर आणखी मीठ चोळलं. ‘नाचता येईना अंगण वाकडं,’ वहिनीला म्हणाला. ‘वय झालं की माणसाने मान्य करावं. केबलला दोष देऊन काय होणार?’ दादा खाली मान घालून भात कालवत राहिला. आणि मिस्त्रीला, खरं सांगायचं तर, बरं वाटत होतं.

दोनच दिवसांनी, सकाळच्या भरगच्च फेरीला, बोट धक्क्याकडे आली. दादाने न्यूट्रल केलं, एक श्वासभर थांबला, दांडा मागे घेतला. पलीकडे काही लागलं नाही. पुन्हा घेतला. नाही. बोट छत्तीस माणसं घेऊन सरळ धक्क्यावर आदळली. माणसं एकमेकांवर पडली, एका म्हाताऱ्याचा ओठ फुटला, शाळेतल्या एका बाईंचा गुडघा बाकाच्या कडेवर बसून मोडला. त्या किंचाळत होत्या आणि दादा दांडा धरून तसाच उभा होता. त्याला खाली उतरवायला दोघांना वर जावं लागलं.

मालकीणबाई खिडकीतून धावत आल्या. बोटीच्या अंगावर खडूचं अक्षर अजून स्वच्छ वाचता येत होतं. त्यांनी ते वाचलं, गोळा झालेल्या गर्दीने वाचलं. ‘दोन दिवसांपूर्वीच लिहिलंय हो,’ कुणीतरी म्हणालं. ‘सख्ख्या भावाने लिहिलंय, म्हणजे बघा.’

मालकीणबाईंनी मिस्त्रीला बोलावलं. ‘मिस्त्री, यंत्र ठीक आहे का नाही? एकदाच सांगा.’

माणसं उतरलेली होती. मिस्त्रीने रिकाम्या बोटीत जाऊन दांडा मागे घेतला. खट्. पडला. पुन्हा घेतला. खट्.

‘मी लिहायचं ते लिहिलंय,’ म्हणाला.

दादाच्या हातून बोट गेली. तो भांडला नाही, हे सगळ्यात वाईट. लोक त्याला म्हणाले, अहो तुम्ही काही बोलत का नाही? तो म्हणाला, ‘मिस्त्री म्हणतो ना, मग तसंच असेल. तो कधी चुकत नाही.’ अठ्ठावीस वर्षं ज्या हाताने माणसं पार केली, तो हात त्याने खिशात घातला आणि घरी गेला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो काय वेगळा असतो?

बोट मालकीणबाईंच्या जावयाकडे गेली. जावई अंगाने दांडगा, कामाने बेताचा. हंगाम ओसरला होता, बोट अर्धीमुर्धी भरायची, त्यामुळे त्याचं निभावलं.

आणि इकडे दादाच्या घरात वेगळंच सुरू झालं. मिस्त्रीच्या शेडामागे भंगाराचा ढीग होता. त्यातून दादाने एक जुना गिअरचा दांडा, त्याच्या पेटीसकट, उचलून आणला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीच्या फळीला स्क्रूने बसवला. त्याच्यापुढे स्टूल घेऊन बसायचा. पुढे, मध्ये, मागे. खट्, खट्. चहा झाला की बसायचा, जेवण झालं की बसायचा. हात सुधारायचा म्हणे! वहिनीने आधी हसून सोडून दिलं, मग चिडली, मग गप्प झाली. नंतर नंतर तो भरलेला पेला उजव्या हातात घेईना. शर्टाची बटणं डाव्या हाताने लावायला लागला. तीन वर्षांची नात पायाला मिठी मारून ‘उचल, उचल’ म्हणायची, तर तो हात मागे घ्यायचा आणि म्हणायचा, ‘आजीकडे जा. माझ्या हाताचा भरवसा नाही बाळा.’

मिस्त्री हे सगळं जेवता जेवता बघायचा. ‘बसू दे त्याला, वेळ जातो,’ एवढंच म्हणायचा. अजून त्याला काही माहीत नव्हतं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. फार काही नाही, पण तेवढं आहे.

मग गर्दीचे दिवस पुन्हा आले, आणि एका दुपारी जावई शेडात शिरला. इकडे तिकडे बघत, आवाज खाली करून. ‘मिस्त्री, एक काम होतं. कुणाला बोलू नका. रिव्हर्स दगा देतोय. आज दोरवाल्याने वेळेवर बांबू लावला म्हणून वाचलो.’

मिस्त्रीच्या हातातला पाना थांबला. ‘कधी होतं?’

‘भरल्यावर. डाव्या बाकावर जाडजूड माणसं बसली ना, की हमखास.’

मिस्त्री उठला. बोट बांधलेलीच होती. तो आत गेला, बाकापाशी गुडघे टेकले, हात खाली घातला. वेटोळं होतं तिथेच होतं. ‘बस,’ तो जावयाला म्हणाला. ‘इथे, या टोकाला. सगळं अंग टाकून बस.’

जावई बसला. फळी खाली वाकली आणि मिस्त्रीचा हात फळी आणि केबलच्या मध्ये चेपला. त्याने तो ओढून काढला, दांड्यापाशी गेला, मागे घेतला. दांडा आला, पार शेवटपर्यंत आला. मागे जाऊन बघितलं तर गिअरबॉक्सचा कान अर्ध्यातच थांबलेला. दबलेलं वेटोळं सगळी ओढ गिळून टाकत होतं. ‘ऊठ,’ म्हणाला. जावई उठला. दांडा मागे घेतला, खट्, कान पुरता बसला.

म्हणजे पाण्यावर जायची गरजच नव्हती. भरल्या बोटीत बसायची गरज नव्हती, घाबरायची गरज नव्हती. बांधलेल्या बोटीत, धक्क्याच्या दोराला, एक जाड माणूस बाकावर बसवला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. तिकीट फाडणारा चांगला शंभर किलोचा होता, आणि तो त्या दिवशी तिथेच उभा होता.

मिस्त्री बाकाची कड धरून बराच वेळ बसून राहिला. जावयाला वाटलं, त्याला भोवळ आली. ‘पाणी आणू?’ म्हणाला.

दुकानात आता नेमक्या मापाची केबल आली होती. मिस्त्रीने ती आणून टाकली, कुठेही वळसा न देता, सरळ. जुनी काढून हातात घेतली. तेव्हा जावई जवळ आला. ‘मिस्त्री, खडू नको हं. ‘यंत्र’ लिहिलंत तर लोक म्हणतील म्हातारा बरोबर होता. मग बोट परत त्याच्याकडे. सासूबाई काय, आज माझ्या बाजूने, उद्या त्याच्या.’

मिस्त्रीने खडू काढला नाही. एवढंच नाही, ती जुनी केबल, चार वीत जादा, त्याने धक्क्याच्या कडेवर उभं राहून लांब पाण्यात फेकून दिली. कुणी बघायच्या आत. आयुष्यात पहिल्यांदा चुकला होता, आणि पहिलीच चूक लपवायला त्याला क्षणभरही शिकावं लागलं नाही.

पण जेवायला जायचं होतंच ना. वहिनी वाढायची, आणि खिडकीपाशी खट्, खट्. पहिल्या दिवशी त्याने भाजीला नाव ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी वाढ घेतली नाही. आठवड्याने वहिनी म्हणाली, ‘भाऊजी, तुम्ही तरी सांगा यांना. माझं ऐकत नाहीत. काल पोरीला उचलली नाही म्हणून ती रडून रडून झोपली. तुमचा शब्द म्हणजे यांना वेद आहे.’

मिस्त्रीने हातातला घास ताटात ठेवला. ताट बाजूला सारून तो दादाच्या स्टुलापाशी जमिनीवर बसला.

‘दादा, ऐक. तुझ्या हातात काही नाही. केबल माझी चुकली होती. लांब टाकली मी, चार वीत जादा, आणि बाकाखाली वेटोळं करून ठेवली. माणसं बसली की दबायची. चूक माझी होती. सगळी माझी.’

दांडा थांबला. दादाने त्याच्याकडे बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मिस्त्रीला वाटलं, सुटलो.

‘किती रे जीव लावतोस,’ दादा म्हणाला. ‘माझ्यासाठी स्वतःच्या कामाला बट्टा लावून घेतोस? तू आणि चुकलास? वेडा आहेस का?’

‘दादा, खरं सांगतोय!’

‘अरे, मी ओळखत नाही का तुला? वाळूवाल्यासाठी एक अक्षर मागे घेतलं नाहीस, सख्ख्या भावासाठीही घेतलं नाहीस. तेव्हा खरं बोललास, ते बरं केलंस. बाकीचे सगळे माझं मन राखायला गोड बोलतात. तू एकटा असा नव्हतास. आता तूही नको सुरू करूस.’ आणि पुन्हा दांड्याकडे वळला.

मिस्त्री तसाच, उष्ट्या हाताने, धक्क्यावर गेला. भर दुपार, दोन्ही फेऱ्यांची माणसं जमलेली. बोट बांधलेली होती. त्याने खडू काढला आणि तिच्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘मिस्त्री’. आणि ओरडून सांगितलं, की दादाचा हात निर्दोष होता, चूक माझ्या केबलची होती, त्या बाईंचा गुडघा मी मोडला.

गर्दी जवळ सरकली. मग कुणीतरी च्-च् केलं. वाळूवाला म्हातारा पुढे आला आणि त्याने मिस्त्रीच्या पाठीवर हात ठेवला. ‘मिस्त्री, तुम्हाला काळीज आहे हे आज कळलं. भावासाठी माणूस काय काय करतो!’

‘अहो, मी खरं सांगतोय!’

‘केबल दाखवा मग,’ तिकीट फाडणारा हसत म्हणाला.

‘पाण्यात फेकली.’

सगळे हसले, पण यावेळी प्रेमाने हसले. मिस्त्रीने जावयाला शोधून काढलं, त्याची बाही धरली. ‘हा सांगेल. हा बसला होता बाकावर. याच्याही हातून रिव्हर्स पडत नव्हता. सांग की!’

जावयाने बाही सोडवून घेतली. मालकीणबाई खिडकीतून बघत होत्या. ‘माझ्या हातून?’ तो म्हणाला. ‘माझ्या हातून कधीच काही झालं नाही बुवा.’

मालकीणबाई म्हणाल्या, ‘मिस्त्री, तुमचं मन मोठं. पण माणसं पार करायची बोट आहे, मी मन बघून देऊ शकत नाही. तुम्हीच लिहिलं होतंत.’ आणि त्यांनी दोरवाल्याला ओलं फडकं आणायला सांगितलं. मिस्त्रीचं लिहिलेलं अक्षर त्या धक्क्यावर दुसऱ्या कुणी पुसल्याची ही पहिली वेळ.

तो परत दादाच्या घरी आला तेव्हा वहिनी ताट झाकून बसली होती. दादा स्टुलावरच होता. बातमी त्याच्या आधी पोचली होती.

‘कशाला गेलास तमाशा करायला?’ दादा म्हणाला. ‘ये. हे बघ आणि खरं सांग. न्यूट्रल नीट सापडतं का मला?’

मिस्त्रीने आपला हात दादाच्या हातावर ठेवला. दादाने दांडा हलवला. पुढे. मग मध्ये, तो एक श्वास. मग मागे. असा हात मिस्त्रीने अख्ख्या आयुष्यात बघितला नव्हता. तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. त्याला रडू फुटलं.

‘बरोबर आहे दादा. पहिल्यापासून बरोबर आहे.’

‘हं,’ दादा म्हणाला. त्याचा विश्वास बसला नाही, ते मिस्त्रीच्या तळव्याखाली कळलं. हात सैल पडला.

तेव्हा मिस्त्रीने ते म्हटलं, जे त्याने त्रेचाळीस वर्षांत कुणाला म्हटलं नव्हतं. ‘चल, आत्ता चल. कुणाचीही बोट मागून घेतो. तू चालव, मी बसतो. पार मधोमध जाऊ. मला भीती वाटते हे तुला माहीत आहे. तरी बसतो. मग तरी पटेल ना तुला?’

वहिनी चकित होऊन दोघांकडे बघत राहिली. कसली भीती, तिला काहीच माहीत नव्हतं.

दादा हसला. त्याने डाव्या हाताने मिस्त्रीच्या डोक्यावरचे विरळ झालेले केस जरा ओढल्यासारखे केले.

‘नको रे बाबा,’ तो म्हणाला. ‘माझ्या हातात बोट आणि तू तिच्यात? एकदा काढलाय तुला पाण्यातून. आता पुन्हा काढायचा झाला तर हा हात काही कामाचा नाही. तू जमिनीवरच राहा.’

मग वहिनीला म्हणाला, ‘याला वाढ गं, सकाळपासून उपाशी आहे.’ आणि स्टूल खिडकीकडे सरकवून पुन्हा बसला.